मधला बॉल

आशियाई पॅरा स्पर्धेसाठी भारताचा टेनिसचा संघ जाहीर झाला, आणि महिलांच्या व्हीलचेअर दुहेरीत दोन्ही नावं बुलढाणा जिल्ह्यातली निघाली. धाडची धम्मशीला आणि बीबीची अश्विनी. धाडच्या चौकात फटाके फुटले. बीबीत पेढे वाटले गेले. खामगावात त्यांच्या प्रशिक्षक कोकिळा मॅडम भाजी घ्यायला निघाल्या होत्या, त्या रस्त्यात दिसेल त्याला थांबवून बातमी सांगत सुटल्या आणि भाजी न घेताच घरी आल्या. सगळा जिल्हा खूश होता. खूश नव्हत्या फक्त त्या दोघी.

धम्मशीलानं बातमी वाचली आणि फोन पालथा घालून ठेवला.

"काय झालं व?" महामायानं विचारलं. महामाया तिची आई, गावात अंगणवाडी सेविका. लेकराच्या नुसत्या तोंडाकडे पाहून ताप ओळखणारी बाई.

"निवड झाली."

"मंग असं थोबाड काऊन?"

"तिच्यासंगं झाली."

ती म्हणजे कोण, हे महामायाला विचारावं लागलं नाही. गेली दोन वर्षं घरात त्या मुलीचं नाव घेतलं जात नव्हतं, तरी बोलणं सारखं तिच्याचबद्दल चालायचं.

धम्मशीला चौदा वर्षांची असताना बुलढाण्याहून येणारी जीप वळणावर उलटली. पाय गेले, आणि पायांबरोबर पोटाचं, कमरेचंही बळ गेलं. त्याआधी ती खो-खो खेळायची, आणि अशी खेळायची की तालुक्याच्या सामन्यात तिला शिवताना समोरच्या पोरींना रडू यायचं. तो खेळ खामगावच्या कोकिळा मॅडमनी पाहिला होता. मॅडम तिथल्या एका शाळेत शारीरिक शिक्षण शिकवत. अपघातानंतर दीड-दोन वर्षांनी त्या एक दिवस एसटीनं धाडला आल्या, चहा प्यायल्या आणि म्हणाल्या, "पाय गेले, हे दिसलं मले. पन डोळे कुठं गेले? तू तर डोळ्यांनीच खेळत होती. समोरची कुठं वळते, हे तिच्याआधी तुले कळत होतं."

आणि त्या तिला खामगावला घेऊन गेल्या.

खामगावात एका जिनिंग फॅक्टरीच्या आवारात इंग्रज साहेबांच्या काळातलं टेनिस कोर्ट होतं. सिमेंटचं, मधोमध चीर गेलेलं. कापसाचा हंगाम आला की अर्ध्या कोर्टावर गाठी रचल्या जायच्या आणि उरलेल्या अर्ध्यावर खेळावं लागायचं. रुईचे तंतू हवेत तरंगायचे, घामानं गालाला चिकटायचे. तिथं धम्मशीला चाकं फाकलेल्या खेळाच्या खुर्चीत बसायला शिकली, एका हातात रॅकेट धरून त्याच हातानं चाक ढकलायला शिकली. या खेळात एक सवलत असते, बॉलचे दोन टप्पे पडू द्यायचे. बाकी सगळं टेनिस तेच. तिनं ते असं आत्मसात केलं की पाच वर्षं राज्यात तिला कुणी हरवलं नाही.

मग अश्विनी आली.

अश्विनीचा डावा पाय मळणी यंत्रानं नेला होता, गुडघ्याच्या वरून. कृत्रिम पाय लावून ती चालत कोर्टावर यायची, पाय काढून जाळीच्या खांबाला टेकवून ठेवायची आणि खुर्चीत बसायची. तिच्या पोटात, कमरेत सगळं बळ शाबूत. ती खुर्चीतून अशी वाकायची, अशी झेपावायची, की धम्मशीलाला पाहवायचं नाही. राज्य स्पर्धेच्या पहिल्याच अंतिम सामन्यात तिनं धम्मशीलाला धुतलं. त्या संध्याकाळी धम्मशीला चार खेळाडूंत बोलून गेली, "जिले चालता येते, तिनं खुर्चीत काऊन बसावं?" बोलणं अश्विनीपर्यंत पोचायला रात्रही लागली नाही. तेव्हापासून दोघी समोरासमोर आल्या की अश्विनी फार गोड आवाजात "नमस्ते, धम्मशीलाताई" म्हणायची, आणि त्या "ताई"तला विखार दोघींनाच कळायचा.

आता या दोघींनी एका बाजूला बसून खेळायचं होतं.

कोकिळा मॅडमनी दोघींना खामगावात बोलावून घेतलं. पहिला आठवडा फुकट गेला. दुहेरीत सगळ्यात अवघड असतो तो दोघींच्या मधून जाणारा बॉल. उजवीकडचा उजवीचा, डावीकडचा डावीचा, पण मधला कोणाचा? एक तर दोघीही तो सोडून एकमेकींकडे पाहायच्या, नाही तर दोघीही त्याच्यावर तुटून पडायच्या.

"अरे, मधला बॉल काय नवरदेवाची वाट पाहून राह्यला का?" मॅडम ओरडायच्या. "कोनाचा तो?"

दोघी आपापल्या कोपऱ्यात परतायच्या.

आठव्या दिवशी व्हायचं तेच झालं. मधला बॉल आला, दोघी सुटल्या आणि चाकाला चाक भिडलं. धम्मशीलाची खुर्ची आडवी झाली. ती पट्ट्यानं खुर्चीला बांधलेली, त्यामुळे खुर्चीसकट सिमेंटवर पडली. कोपर सोललं. अश्विनी खुर्चीतून उतरली आणि एका पायावर उड्या मारत तिच्याजवळ आली.

"हात लावू नको!" धम्मशीला ओरडली.

"काऊन नको?" अश्विनी तशीच एका पायावर उभी होती, तोल सांभाळत. "मी उभी राह्यली याचा राग येऊन राह्यला का तुले? बोल ना एकदा तोंडावर. माह्या मांग तर लय बोलली होती."

"हो, बोलली होती."

"मंग आइक. मले चालता येते, पन पळता येते का? बीबीच्या शाळेत पळण्यात मी पोट्ट्यांच्याही पुढं होती. त्या लाकडी पायानं मी घरून बाजारात जातो आणि वापस येतो, बस. या खुर्चीत बसली का मले पळता येते. म्हनून बसतो मी. तुह्या जागेवर बसाले नाही बसत."

कोकिळा मॅडम मध्ये पडणार होत्या, पण थांबल्या. धम्मशीला जमिनीवर आडवी, तिथूनच वर पाहत होती. दोन वर्षं ती त्या मुलीचं खेळणं बारकाईनं पाहत आली होती. तिचा फटका कुठून निघतो, ती कुठं चुकते, सगळं तिला ठाऊक होतं. एवढं एक ठाऊक नव्हतं. खो-खोच्या मैदानावरचा वारा तिला आठवला. तो वारा हिलाही हवा होता, एवढीच तर गोष्ट होती.

"मले उचल," ती म्हणाली. "आणि मीही सांगतो, ते आइक. मले पोटाचं बळ नाही. बॉलवर वाकली का परत सरळ व्हाले मले हातानं चाक धरा लागते. तू मधे घुसतं तवा खुर्ची थांबवता येते, पन माहं आंग थांबत नाही. मी तशीच पुढं जातो."

अश्विनीनं तिला खुर्चीसकट सरळ केलं आणि धापा टाकत विचारलं, "हे आधी काऊन नाही सांगितलं?"

"तुले कायले सांगू? पुढच्या सामन्यात तू तिथंच मारलं असतं."

अश्विनीनं क्षणभर विचार केला. "मारलंच असतं," ती म्हणाली आणि खो खो हसत सुटली. धम्मशीलाला हसायचं नव्हतं. पण कोपरातून रक्त गळत असताना तिलाही हसू फुटलं.

त्या दिवसापासून मधल्या बॉलचा निकाल लागला. समोरचा फटका कुठं येणार, हे धम्मशीलाला आधी कळायचं. म्हणून ओरडायचं तिनं, आणि अश्विनीनं कारण न विचारता ऐकायचं. पुढे दिल्लीला सराव शिबिर झालं. तिथल्या प्रशिक्षकांनी सांगितलं, आंतरराष्ट्रीय स्पर्धा आहे, कोर्टावर "माईन" आणि "युवर्स" असं नीट ओरडत जा. दोघींनी माना डोलावल्या.

स्पर्धा जपानमध्ये होती. क्रीडानगरीत देशोदेशीचे खेळाडू, कुणी काठी टेकत, कुणी खुर्चीत, कुणी एका हातानं जेवणाचं ताट सांभाळत. पहिल्या दिवशी जेवणाच्या दालनात धम्मशीला दाराशीच थांबली. एवढ्या खुर्च्या तिनं एका ठिकाणी कधी पाहिल्या नव्हत्या. धाडला ती बाहेर पडली की लोक बाजूला सरून वाट द्यायचे आणि मग पाहत राहायचे. इथं तिच्याकडे ढुंकूनही कुणी पाहिलं नाही. उलट एक जण "सरका, सरका" अशा खुणा करत तिच्या पुढे घुसला. तिला इतकं बरं वाटलं की तिनं दोनदा भात घेतला.

पहिले दोन सामने त्या जिंकल्या. उपांत्य फेरीत यजमान जपानच्या जोडीनं त्यांना उभंच राहू दिलं नाही. पाऊण तासात खेळ खल्लास. आता उरला होता कांस्यपदकाचा सामना, थायलंडशी.

थायलंडच्या दोघी अनुभवी. एक उंच, दुसरी डावखुरी. त्यांनी पहिल्या दहा मिनिटांतच जोखलं की या दोघींतली पोटाचं बळ नसलेली कोण. मग प्रत्येक बॉल धम्मशीलाकडे यायला लागला. कधी अंगावर, कधी चाकाजवळ, कधी लांब कोपऱ्यात. अश्विनी नुसती फिरत राहिली, तिच्याकडे काही येईचना. पहिला सेट थायलंडनं सहा-दोनने नेला.

सेटमधल्या विश्रांतीत अश्विनी पाण्याची बाटली उघडत म्हणाली, "शीले, एक सांगू?"

शीले! धम्मशीलानं चमकून पाहिलं. "सांग."

"ते माईन-युवर्स सोड. तुह्या तोंडातून माईन निंघेपर्यंत बॉल इकडून तिकडं जाते. आपलं बोल ना व. सिमेंटवर बोलत होतो तसं."

धम्मशीलाला हसू आलं. खरंच, प्रत्येक बॉलला तिचं डोकं आधी वऱ्हाडीत ओरडायचं, आणि मग जीभ त्याचं इंग्रजी करायला थांबायची.

"बरं," ती म्हणाली. "आणि त्या मलेच मारून राह्यल्या ना? मारू दे. तू माही काळजी करू नको. तू जाळीपाशी जाऊन बस."

"तू एकटी मांगं?"

"मी आहे मांगं. त्या माह्याकडे मारतेत म्हंजे बॉल कुठं येनार हे मले आधीच माहीत आहे. याच्यापेक्षा सोपं काय पाह्यजे?"

दुसरा सेट सुरू झाला आणि त्या परक्या कोर्टावर वऱ्हाडी घुमायला लागली. "माहा!" "तुहा, तुहा!" "सोड व, बाहेर चालला!" "मार बे जोरात!" पंचांनी एकदा भुवया उंचावल्या, पण आपल्या भाषेत ओरडायला नियमाची आडकाठी नव्हती. थायलंडच्या दोघी पुन्हा पुन्हा धम्मशीलाकडेच मारत राहिल्या. आणि ती दोन टप्प्यांची सवलत पुरेपूर वापरत, चाक मागं घेत, जागेवर पोचलेली असायची. जोराचं उत्तर ती देत नव्हतीच. ती बॉल उंच उडवायची, समोरच्या दोघींच्या डोक्यावरून, पार मागच्या रेषेजवळ. खुर्चीत बसलेल्या माणसाला मागं वळून पळण्याइतकं जड काही नसतं. त्या वळायच्या, धावायच्या, कसाबसा बॉल परत टाकायच्या, आणि तो जाळीपाशी टपून बसलेल्या अश्विनीच्या ताब्यात जायचा.

दुसरा सेट भारताचा. सात-पाच.

प्रेक्षकांत भारताचे इतर खेळाडू येऊन बसले होते. त्यात हरियाणाचा एक भालाफेकपटू होता. आवाज असा की माइकची गरज नाही. तो "इंडिया, इंडिया" ओरडायचा थांबला आणि कोर्टावरून ऐकलेलंच ओरडायला लागला, "मार बे! मार बे!" त्याच्यामागे सगळी रांग.

आता निर्णायक टायब्रेक, आधी दहा गुण करणारा जिंकणार. गुण मागे-पुढे होत राहिले. थायलंड आठ, भारत सात. त्या वेळी डावखुरीनं बॉल असा तिरका मारला की धम्मशीलाला पूर्ण हात ताणावा लागला. रॅकेटला बॉल लागला, पण शरीर पुढे गेलं ते परत आलं नाही. खुर्ची आडवी झाली. प्रेक्षकांतून "आह" निघाला. मात्र बॉल जाळीपलीकडे गेला होता, खेळ चालू होता. नियमानं जोडीदार एकटी खेळू शकते.

"खेळ!" धम्मशीला जमिनीवरून ओरडली. "डावीकडं येते, डावीकडं!"

ती आडवी पडूनही डावखुरीचा खांदा पाहत होती. अश्विनी डावीकडे सुटली. बॉल तिथंच आला. तिनं परतवला. पुन्हा आला, "मांगं!", तिनं चाक गरकन फिरवलं आणि दुसऱ्या टप्प्यावर बॉल गाठला. एकटी पोरगी अख्खं कोर्ट तुडवत होती. बीबीच्या शाळेत पळायची तशीच पळत असणार, असं धम्मशीलाला वाटलं, आणि कोर्टावर गाल टेकलेला असताना तिचा ऊर भरून आला. चौथ्या फटक्याला समोरच्या उंच मुलीचा बॉल जाळीत गेला. आठ-आठ.

प्रेक्षक उभे राहिले होते. जे उभे राहू शकत नव्हते ते खुर्च्यांचे हात बडवत होते.

पुढचा गुण अश्विनीच्या सर्व्हिसवर मिळाला. नऊ-आठ. आता एकच.

शेवटचा बॉल बराच वेळ चालला. थायलंडच्या दोघी अजूनही धम्मशीलाकडेच मारत होत्या. ती उडवत होती, त्या परतवत होत्या. तिचे हात जड झाले होते. तळव्यांची कातडी निघून चाकावर रक्ताचे ठसे उमटत होते. मग डावखुरीला वाटलं असावं, ही काही आता मोडत नाही. तिनं पहिल्यांदाच बेत बदलला आणि बॉल दोघींच्या मधून काढला.

अश्विनी जवळ होती. तिनं रॅकेट उचललंही. पण धम्मशीलाला तो बॉल डावखुरीच्या रॅकेटवरून सुटायच्या आधीच दिसला होता, आणि ती निघाली होती.

"माहा!"

अश्विनीनं एका झटक्यात चाक उलटं फिरवून वाट मोकळी केली. धम्मशीलानं या सामन्यात एकही बॉल जोरात मारला नव्हता. हा मारला. समोरच्या दोघी उंच बॉल येणार म्हणून मागं सरकलेल्या. बॉल त्यांच्या मधून, जाळीला चाटून गेला, एक टप्पा पडला, दुसरा पडला, आणि मागच्या भिंतीवर जाऊन आपटला.

नंतर काय झालं ते धम्मशीलाला सलग आठवत नाही. अश्विनीची खुर्ची तिच्या खुर्चीवर येऊन आदळली, या वेळी मुद्दाम. ती गळ्यात पडून रडत होती आणि मध्येच "भैताड, माहा बॉल होता तो!" असंही म्हणत होती. भालाफेकपटू कठडा ओलांडायच्या बेतात होता, त्याला दोघांनी धरून ठेवलं होतं. थायलंडच्या दोघी येऊन हात मिळवून गेल्या. डावखुरीनं धम्मशीलाचा तळहात उलटा करून पाहिला आणि त्यावर आपला तितकाच सोललेला तळहात ठेवला.

पदक गळ्यात पडलं तेव्हा ते वाटलं होतं त्याहून जड निघालं. तिरंगा वर चढत होता. तो तिसऱ्या जागेवर होता, पण डोळे पाण्यानं भरलेल्या माणसाला तेवढाच दिसतो. कोकिळा मॅडमचा फोन आला तेव्हा त्यांनी आधी दोघींची नावं दोन-दोनदा घेतली. मग म्हणाल्या, "शेवटचा फटका जरा खाली लागला असता ना, तर जाळीत होता. परत आल्यावर पाहून घेऊ."

दोघी परत आल्या तो धाडच्या आठवडी बाजाराचा दिवस होता. महामायानं वेशीवर दोघींना ओवाळलं, आधी अश्विनीला आणि मग आपल्या लेकीला. "तुले तर रोजच पाहतो," ती लेकीला म्हणाली. बाजाराच्या मैदानात मंडप घातला होता. गावातले जुने पुढारी उकंडराव भाषणाला उभे राहिले. माणूस चांगला, पण माइक हातात आला की त्यांना गहिवर यायचा.

"या बिचाऱ्या लेकी," ते म्हणाले, "नशिबानं यांचं सारं हिरावून नेलं, तरीही या बिचाऱ्या..."

धम्मशीलानं हात पुढे केला. उकंडरावांना वाटलं, पोरगी नमस्कार करते. तिनं माइकच घेतला.

"काका, रागावू नका," ती म्हणाली, "पन बिचाऱ्या त्या थायलंडच्या होत्या. त्याईले आम्ही हरवलं."

बाजारात असा हशा आणि टाळ्या उसळल्या की मंडपाच्या कनाती हलल्या. सगळ्यात मोठ्यानं उकंडराव हसले. त्यांनी डोळे पुसले आणि माइक परत मागितलाच नाही. अश्विनीनं तो घेतला. "पुढच्या वेळी जपानवाल्याईचा नंबर आहे," ती म्हणाली, "पन आधी आमाले एक कोर्ट द्या, ज्याच्यावर कापसाच्या गाठी नसतीन!" पुन्हा टाळ्या.

"खेळून दाखवा!" गर्दीतून कुणी तरी ओरडलं, आणि मग सगळेच ओरडायला लागले.

कापडवाल्यानं दोरी सोडली, दोन बैलगाड्यांच्या जुवांना बांधली, झाली जाळी. कोथिंबिरीचे, मेथीचे ढीग मागं सरकले. अश्विनीनं सगळ्या बाजारादेखत पाय काढून महामायाच्या हातात दिला आणि खेळाच्या खुर्चीत बसली. समोर धम्मशीला. आता दोघी एकमेकींविरुद्ध होत्या आणि गंमत म्हणूनसुद्धा कुणी हरायला तयार नव्हतं. माती उडत होती, चाकं फिरत होती, प्रत्येक फटका अख्खा बाजार मोजत होता. शेवटी अश्विनीचा एक जोरकस फटका पालवाल्या म्हातारीच्या वांग्यांत जाऊन पडला. म्हातारीनं तो उचलला, पदराला पुसला आणि ओच्यात घातला.

"आजी, बॉल द्या ना," अश्विनी म्हणाली.

"नाही देत जाय. हा आता धाडचा," म्हातारी म्हणाली आणि गिऱ्हाइकाला वांगी तोलून द्यायला लागली.